'वर्धा' या शब्दात अक्षरं किती?

पहिलीतल्या मुलाला विचारलं तर ते दोन बोटं दाखवेल: व आणि र्धा. पायथन या संगणकीय भाषेला विचारलं तर ती पाच सांगते: व, र, पाय मोडणारं हलन्ताचं चिन्ह, ध आणि शेवटचा काना. हाच शब्द युटीएफ-८ या पद्धतीनं फाइलमध्ये साठवला, की तो १५ बाइट जागा घेतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथं ३ बाइट लागतात.

यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. मुलानं अक्षरं मोजली, पायथननं चिन्हं मोजली आणि फाइलनं बाइट मोजले. आपल्याला नेमकं काय मोजून हवं आहे, हे मात्र आपणच सांगायचं असतं. ते न सांगता 'मराठीसाठी भाषेची स्ट्रिंग चालत नाही, आपण स्वतःची बनवू' असं ठरवणारे हुशार तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडून सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

प्रोग्रॅमर ज्याला कंटेनर म्हणतात, ते म्हणजे माहिती ठेवायचं भांडं. ओळीनं ठेवायची तर ॲरे किंवा लिस्ट, नावावरून चटकन काढायची तर डिक्शनरी किंवा मॅप, एकच गोष्ट दोनदा नको असेल तर सेट, रांगेनं आत-बाहेर करायची तर क्यू. स्ट्रिंग हीसुद्धा चिन्हांची माळ, म्हणजे कंटेनरच. बंदरावरच्या लोखंडी कंटेनरांशी याचा संबंध नाही. आजच्या बहुतेक भाषा ही भांडी सोबत घेऊनच येतात. तरीही प्रत्येक मोठ्या कामात कधी ना कधी प्रश्न पडतो: हे तयार भांडं वापरावं, की बुरडाकडून कणगी विणून घ्यावी तसं आपल्या मापाचं करून घ्यावं?

एक काम समोर धरू. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची यादी ठेवायची आहे. तालुके आठ: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. तालुक्याच्या नावावरून माहिती शोधायला हॅश टेबल, म्हणजे डिक्शनरीच्या आतली शोधाची रचना, लावायची का? लावली तर बिघडत काही नाही, पण आठ नावं साध्या यादीत पहिल्यापासून वाचत गेलं तरी संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट टोक घेऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. या सगळ्यांची नावं क्रमानं लावलेल्या एका ॲरेत असली आणि दरवेळी यादी मधोमध दुमडत शोधलं, तर कुठलंही नाव जास्तीत जास्त २१ तुलनांत हाती लागतं. त्यासाठी काहीही नवीन बनवावं लागत नाही. क्रम लावणं आणि मधोमध शोधणं, दोन्ही भाषेच्या लायब्ररीत असतं.

पिनकोडचं उदाहरण मोहात पाडणारं आहे. वर्ध्याचा ४४२००१, सेवाग्रामचा ४४२१०२, आर्वीचा ४४२२०१, हिंगणघाटचा ४४२३०१. पहिले तीन आकडे सगळीकडे तेच. मग ते सोडून द्यावेत, शेवटचे तीन घ्यावेत आणि हजार खणांचा ॲरे करावा. पिन आला की थेट त्याच्या खणात हात. याहून वेगवान काही नाही. पण यादीत ज्याची शेती जिल्ह्यात आणि घर नागपूर जिल्ह्यात आहे असा शेतकरी आला, त्याचा पिन ४४१ नं सुरू झाला, आणि प्रोग्रॅमनं त्याला दुसऱ्याच गावाच्या खणात टाकलं. स्वतःच्या भांड्यात आपण एक गृहीतक ओतलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी ते आपल्यालाच आठवत नाही. तयार डिक्शनरीला ४४१ आणि ४४२ सारखेच.

आता मराठीचा खरा पेच. यादी आडनावांच्या क्रमानं छापायची आहे. तयार क्रमवारीला दिली तर ती कापसे, काळे, कासार अशी येते. मराठी माणूस म्हणेल, हे चुकलं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कापसे, कासार, काळे असं हवं. यूनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, तक्त्यात ळ ला ल च्या लगेच पुढची जागा मिळालेली आहे आणि तयार क्रमवारी मुकाट्यानं त्या तक्त्यानुसार चालते. मतदारयादीसारख्या कामात नावं हव्या त्या जागी सापडत नाहीत ती अशीच.

इथं बरेच जण स्वतःचं झाड, स्वतःची यादी, स्वतःची शोधपद्धत लिहायला बसतात. पण चूक भांड्याची नव्हतीच. दोन नावांत आधी कोण, हे ठरवायचा नियम चुकीचा होता. जावाच्या क्रमवार मॅपला, सी++ च्या मॅपला, पायथनच्या सॉर्टला हा नियम बाहेरून देता येतो. मराठीचा नियम लिहायचेही कष्ट नाहीत: आयसीयू नावाची खुली लायब्ररी आहे, तिच्यात मराठीसह जगभरच्या भाषांचे क्रम भरलेले आहेत. भांडं तेच ठेवायचं आणि नियम बदलायचा.

'शेतकऱ्यांची' हा शब्दच घ्या. त्यातला ऱ संगणकात एका चिन्हानं लिहिता येतो, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तोच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण डिक्शनरीला ते तीन वेगळे शब्द. एका कार्यालयात टंकलेलं नाव दुसऱ्या कार्यालयात शोधलं की सापडत नाही, आणि माणसाला सांगितलं जातं की तुमचं नाव यादीत नाही. ही गोष्ट मला फार लागते, कारण यात त्या माणसाची काडीचीही चूक नसते. पहिली दोन रूपं यूनिकोडच्या प्रमाणीकरणानं एक होतात, तेवढी सोय बहुतेक मोठ्या भाषांत तयार मिळते. तिसरं रूप त्यानं एक होत नाही. त्यासाठी तीन-चार ओळींचं स्वतःचं काम करावं लागतं: नाव डिक्शनरीत जाण्याआधी आणि शोधण्याआधी ते एकाच रूपात आणायचं. या तीन-चार ओळी हीच लिहिण्याजोगी खरी 'स्वतःची' गोष्ट आहे. खालची हॅश टेबल पुन्हा लिहिण्यानं हा प्रश्न तसूभरही हलत नाही.

तयार भांड्याच्या बाजूनं सर्वांत मोठा मुद्दा मला हिंगणघाटच्या कापसात दिसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या प्रतीचंच नाव होतं, इतका हा मुलूख त्या व्यापाराशी बांधलेला. आज जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढली, की रुई दाबून तिची गाठ बांधतात. भारतात ती १७० किलोची धरतात. गाठीचं माप ठरलेलं असल्यानं ट्रकवाला, गोदामवाला, तारण ठेवणारी बँक आणि सूतगिरणी, सगळ्यांचे हिशोब गाठींवर चालतात. एखाद्या जिनिंगवाल्यानं आपल्या सोयीनं १४३ किलोची गाठ बांधली तर रुई तीच राहील, पण पुढच्या प्रत्येक माणसाला ती पुन्हा मोजावी लागेल. तयार कंटेनर ही अशी ठरलेली गाठ आहे. फाइल वाचणारी लायब्ररी लिस्ट परत देते, आलेख काढणारी लायब्ररी लिस्ट मागते, चाचणी घेणारी साधनं लिस्ट ओळखतात, नवा आलेला सहकारी पहिल्याच दिवशी लिस्ट वाचू शकतो. स्वतःचा कंटेनर कितीही वेगवान असला तरी प्रत्येक वेशीवर त्याची गाठ सोडून पुन्हा बांधावी लागते, आणि वाचवलेला वेळ पुष्कळदा तिथंच जातो.

मग आपल्याकडे स्वतःचं बनवायची इतकी ओढ का? विदर्भातल्या अभियंत्यांच्या बाबतीत मला याचं एक सरळ कारण दिसतं. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयापासून नागपूरपर्यंत पिढ्यानपिढ्या प्रोग्रॅमिंगची सुरुवात सी भाषेनं झाली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उशाशी घेऊन झोपलेली मुलं या भागात घरोघर होती. सी च्या प्रमाण लायब्ररीत ना वाढणारी यादी आहे, ना डिक्शनरी. तिथं लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या घटकांची साखळी, स्वतः लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला ती लिहिली नाही असा अभियंता विरळा. ते शिक्षण मी मोलाचं मानतो. भांडं आतून कसं घडतं हे ज्यानं एकदा हातानं केलं, त्यालाच तयार भांड्यांतून नीट निवड करता येते. पुढे भाषा बदलल्या आणि भांडी आपोआप हाती आली, तरी हाताची सवय मात्र सी चीच राहिली.

त्या सवयीतल्या एका समजुतीला तर मोजमापानंच धक्का दिला. आपण परीक्षेत लिहायचो की मध्येच नवीन घटक घालायचा असेल तर लिंक्ड लिस्ट उत्तम, कारण ॲरेत पुढचे सगळे घटक सरकवावे लागतात. सी++ चे जनक बियार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी २०१२ च्या एका व्याख्यानात याची कसोटी दाखवली: आकडे क्रमानं योग्य जागी घालत जायचे, मग वाटेल त्या जागचे काढत जायचे. काम लिंक्ड लिस्टच्या सोयीचं वाटतं, पण साधा वाढता ॲरे, म्हणजे सी++ चा व्हेक्टर, तिला स्पष्टपणे मागं टाकतो. कारण प्रोसेसरच्या रचनेत आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. साधारण ६४ बाइटचा आख्खा तुकडा उचलून जवळच्या कॅशमध्ये ठेवतो. ॲरेत शेजारचे आकडे त्याच तुकड्यात फुकट येतात. लिंक्ड लिस्टचे घटक मेमरीभर विखुरलेले असतात, म्हणून योग्य जागा शोधत जाताना दर पावलाला लांबची फेरी पडते. रचलेल्या गाठी मोजणं आणि घराघरांत पडलेला कापूस हिंडून मोजणं, यात जो फरक तोच इथं.

व्हेक्टर किंवा पायथनची लिस्ट आतून वाढते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. हजार नावं एकेक करत घालायची आहेत. दरवेळी एकाच घटकापुरता मोठा ॲरे घेऊन जुने सगळे तिकडं नेले तर एकूण ४,९९,५०० वेळा नावं हलवावी लागतात. जागा संपली की ती दुप्पट करायची असं ठरवलं तर सगळं मिळून १,०२३ वेळा. घाईत लिहिलेल्या घरच्या यादीत पहिली पद्धत हमखास सापडते, कारण ती सुचायला सोपी असते आणि दहा नावांच्या चाचणीत दोष दिसत नाही. तयार कंटेनरच्या लेखकांनी हे गणित आपल्यासाठी आधीच केलेलं असतं.

पण तयार म्हणजे डोळे मिटून घ्यावं असंही नाही. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे आहेत, पहिल्याचा काटा झाला की तो बाहेर. प्रोग्रॅममध्ये ही रांग पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवली तर दर वेळी पहिला घटक काढल्यावर उरलेले सगळे एकेक जागा पुढं सरकतात. हजार बंड्यांसाठी तेही सुमारे पाच लाख सरकवण्यांचं काम, आणि आजचा संगणक ते पापणी लवायच्या आत उरकतो. तिथं चिंता करू नये. रांग एक लाखाची असेल तर मात्र सरकवण्या ५०० कोटींच्या घरात जातात आणि मंदपणा जाणवू लागतो. उपाय स्वतःची रांग लिहिणं हा नाही. पायथनमध्येच २००४ पासून 'डेक' नावाचा कंटेनर आहे, त्यात कुणालाच सरकवावं लागत नाही, फक्त 'पहिला कोण' ही खूण पुढं जाते. तयार भांड्यांमध्ये चुकीचं भांडं उचलणं ही चूक, स्वतःचं न बनवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडते.

स्वतःच्या भांड्याचा सगळ्यात महाग खर्च पहिल्या दिवशी दिसतच नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवलं की पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा अनेक भाषांच्या हॅश टेबल मुद्दाम जाम करता येतात. हॅश टेबल नावावरून एक आकडा काढते आणि त्या आकड्याच्या खणात नाव ठेवते. ज्यांचा आकडा एकच येतो अशी हजारो नावं कुणी मुद्दाम शोधून पाठवली तर सगळी एकाच खणात कोंबली जातात आणि टेबलची साधी, मंद यादी होऊन सर्व्हर गुडघे टेकतो. बातमी फुटल्यावर भाषांनी दुरुस्त्या केल्या. पायथननं २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीपासून आकडा काढताना दरवेळी वेगळं बीज मिसळायला सुरुवात केली. जावानं २०१४ च्या आठव्या आवृत्तीत गर्दीच्या खणात यादीऐवजी संतुलित झाड लावलं. ज्यांनी तयार डिक्शनरी वापरली त्यांना नवी आवृत्ती घेण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. ज्यांनी आपली हॅश टेबल स्वतः लिहिली होती, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोचवणारं कुणी नव्हतं.

तयार लायब्ररीतही चुका असतात, हे खरं आहे. मधोमध शोधण्याच्या पद्धतीत दोन टोकांची बेरीज करून तिला दोननं भागतात. ॲरे १०७ कोटींहून मोठा झाला की ती बेरीज आकड्याच्या मर्यादेबाहेर जाते. ही चूक जॉन बेंटली यांच्या नावाजलेल्या पुस्तकात होती आणि जावाच्या लायब्ररीत जवळपास नऊ वर्षं होती. जॉशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये ती जाहीरपणे समजावून सांगितली. मला यातून धीर मिळतो. जगातल्या इतक्या नजरा जिच्यावर होत्या तिथं नऊ वर्षं लागली, तर माझ्या एकट्याच्या कोडमधली तशीच चूक कोण शोधणार होतं?

तरीही स्वतःचं बनवणं योग्य ठरतं अशा जागा आहेत, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. खेळ बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनं सी++ च्या प्रमाण कंटेनरांऐवजी स्वतःचा संच उभा केला आणि पॉल पेड्रियाना यांनी २००७ मध्ये त्याची कारणं सविस्तर मांडली. खेळाच्या यंत्रात मेमरी मोजकी असते, ती कुठून आणि कधी घ्यायची यावर पूर्ण ताबा लागतो, चित्राच्या दोन चौकटींच्या मध्ये क्षणभरही अडखळून चालत नाही. गूगलची गोष्ट याहून बोलकी आहे. सी++ च्या प्रमाण हॅश मॅपला मानकानंच एक अट घातलेली: टेबल वाढली तरी आत ठेवलेल्या घटकाचा पत्ता बदलता कामा नये. त्यामुळे प्रत्येक घटक मेमरीत सुटा ठेवावा लागतो आणि पुन्हा तीच लांबची फेरी. गूगलच्या अभियंत्यांनी ती अट सोडली. प्रत्येक खणासाठी हॅशचे फक्त सात बिट एका बाइटमध्ये ठेवले आणि प्रोसेसरच्या एका सूचनेत असे सोळा खण एकदम तपासले. २०१७ मध्ये त्यांनी ही 'स्विस टेबल' जाहीर केली, पुढच्या वर्षी खुली केली. २०१९ मध्ये रस्ट भाषेनं आपली तयार हॅश मॅप याच रचनेवर आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत गो भाषेनंही. एका कंपनीची घरची कणगी आता सगळ्यांची कोठी झाली. पण त्या लोकांनी हात घालण्याआधी काय केलं होतं हे विसरू नये: प्रचंड पसाऱ्याच्या चालू कामात मोजमाप घेतलं होतं, आणि मंदपणा मानकाच्या नेमक्या कुठल्या अटीतून येतो हे सांगता येईपर्यंत त्याचा माग काढला होता.

आपल्या शेतकरी यादीसाठी इतकं काही लागत नाही. तिथं मला मधली वाट सर्वांत भावते: आत तयार कंटेनर आणि वर आपलं पातळ आवरण. 'शेतकरी यादी' नावाचा एक प्रकार करायचा. नाव घालताना तो ते प्रमाण रूपात आणेल, क्रम लावताना मराठीचा नियम वापरेल, पिन चुकीचा आला तर तिथंच अडवेल. आत मात्र साधी डिक्शनरीच. बाहेरच्या कोडला आत काय आहे हे माहीतच नसतं, त्यामुळे उद्या खरोखर गरज पडली तर आतलं भांडं एका जागी बदलता येतं. असं आवरण किती कामाचं असतं हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभिराम रानडे यांच्या 'सिंपलसीपीपी'त पाहावं. पहिल्यांदाच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी केलेली ही लायब्ररी आहे. विद्यार्थी पहिल्याच दिवशी पडद्यावर कासव चालवून चित्र काढतात आणि 'इतक्या वेळा कर' एवढं एका शब्दात सांगू शकतात. आत खरी सी++ आहे, वेगळी भाषा शोधलेली नाही. शिकणारा तयार झाला की आवरण अलगद बाजूला होतं.

आणि स्वतःचा कंटेनर लिहिलाच, तर त्याच्या डोक्यावर तारीख, मोजमाप आणि कारण लिहून ठेवावं, म्हणजे कारण उरलं नाही की पुढच्या माणसाला तो निर्धास्तपणे काढता येईल. मराठी अक्षरं मोजण्याचंच घ्या. दिसणारी अक्षरं कशी मोजायची याचे यूनिकोडचे नियम आहेत, पण २०२३ पर्यंत त्या नियमांनी 'वर्धा'चे तीन तुकडे पडत: व, र् आणि धा. म्हणून लोकांनी जोडाक्षरं ओळखणारा आपापला कोड लिहिला आणि तेव्हा तो लिहायलाच हवा होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात यूनिकोडची १५.१ आवृत्ती आली आणि देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम त्यात आला. हा नियम घेतलेली लायब्ररी हाताशी असेल तर घरचा कोड काढून टाकावा. काढण्याआधी चार नावं मोजून पाहावीत: वर्धा दोन, आर्वी दोन, आष्टी दोन आणि समुद्रपूर पाच.